सिरपूरच्या फेरीसाठी निकॉन अ‍ॅक्युलॉन ८×४२

दुकानात दुर्बीण मागितली की बहुधा १०×५० (दहापट मोठं दाखवणारी, समोरचं भिंग ५० मिलिमीटरचं) पुढे येते आणि आठापेक्षा दहा मोठे म्हणून घेणाराही तीच उचलतो. तलावाच्या काठाने चालत फेरी मारायची असेल तर ही निवड चुकते. निकॉनच्या अ‍ॅक्युलॉन ए२११ याच मालिकेतली ८×४२ या कामाला जास्त चांगली आहे. तिच्यातही उणिवा आहेत. त्यातल्या दोन तर अशा, की काही जणांनी तिच्या वाटेला जाऊच नये.

आधी अंतराचा हिशेब. इंदूरच्या धार रोडवरचं सिरपूर होळकरांच्या काळातलं, माणसानं बांधलेलं तळं. २०२२ मध्ये ते महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत आलं, तिथे नोंदलेलं क्षेत्र १६१ हेक्टर. तेवढं क्षेत्र एका वर्तुळात मांडलं तर काठापासून मध्य साधारण सातशे मीटरवर येतो. आठपट मोठं करणाऱ्या दुर्बिणीतून तिथलं बदक जेमतेम नव्वद मीटरवर असल्यासारखं दिसतं. आकार कळतो, पिसांवरची नक्षी कळत नाही. दहापट घेतली तरी अंतर सत्तरच मीटर होतं, आणि हाताची थरथरही दहापट होते. चार पावलं चालून थांबल्यावर श्वास पूर्ण बसलेला नसतो, तेव्हा हा फरक फार जाणवतो. मधल्या पाण्यातल्या पक्ष्यांसाठी तिकाटण्यावरची मोठी दुर्बीणच हवी. चालत्या फेरीतली खरी मजा काठापासून शंभर-दीडशे मीटरच्या पट्ट्यात असते.

या पट्ट्यात महत्त्व आहे ते दृश्याच्या रुंदीला. ८×४२ मधून ८ अंशांचा पट्टा दिसतो, म्हणजे हजार मीटरवर १४० मीटर रुंद आणि शंभर मीटरवर १४ मीटर. १०×५० चा पट्टा ६.५ अंशांचा, शंभर मीटरवर साडेअकराच्या आत. टिबुकली बुडी मारते आणि दुसरीकडेच डोकं वर काढते, त्या वेळी हे जादा अडीच मीटर फार कामाला येतात. वजनातही फरक आहे: ७५५ ग्रॅम आणि ९०० ग्रॅम.

प्रकाशाचं गणित सोपं आहे. समोरच्या भिंगाचा व्यास भागिले पटी: ४२ भागिले ८, म्हणजे सव्वापाच मिलिमीटर. डोळ्याशी येणारी प्रकाशाची चकती एवढी रुंद असते. खिशात मावणाऱ्या ८×२१ मध्ये ती अडीचच मिलिमीटरच्या आसपास भरते. माळव्यातल्या डिसेंबरच्या पहाटे पाण्यावर धुकट उजेड असतो, तेव्हा छोट्या दुर्बिणीत सगळी बदकं एकाच मळकट रंगाची दिसतात. या दुर्बिणीत हळदीकुंकू बदकाच्या चोचीचं पिवळं टोक आणि कपाळावरचा लाल ठिपका स्वच्छ ओळखू येतो. छोट्या लालसरीचं तांबूस डोकं, काळी छाती, राखी अंग हे तिन्ही रंग वेगळे दिसतात. सिरपूरला येणाऱ्या पाहुण्यांत तिला पाहणं खास, कारण जगभर तिची संख्या घटते आहे.

प्रिझम, म्हणजे आत प्रकाश वळवणारे काचेचे ठोकळे, पोरो पद्धतीचे असल्यामुळे समोरची भिंगं एकमेकांपासून लांब आहेत. त्यामुळे खोली छान कळते. जलकुंभीच्या पानांवरून कमळपक्षी चालतो तेव्हा कोणतं पान पुढचं आणि कोणतं मागचं हे लगेच उमगतं. लांब बोटं पानभर पसरून तो वजन कसं वाटून टाकतो, हे पाहायला चाळीस मीटरवर ही दुर्बीण पुरेपूर आहे. चित्राच्या कडा मात्र थोड्या मऊ आहेत. उजळ आभाळापुढे पांढरा बगळा आला की त्याच्या काठाला जांभळट रेघ दिसते. रंग फाकू न देणारी खास ईडी काच नसलेल्या भिंगांत हे होणारच. ओळख पटवायला त्याची आडकाठी होत नाही.

आता उणिवा. पहिली चष्म्याची. डोळा भिंगापासून १२ मिलिमीटरच्या आत असेल तरच पूर्ण वर्तुळ दिसतं. चष्म्याची काच स्वतःच तेवढी जागा खाते, त्यामुळे रबरी कप खाली करूनही कडेचा भाग कापला जातो आणि ज्या रुंदीसाठी ही घ्यायची तीच हातची जाते. साधा जवळचा किंवा लांबचा नंबर असेल तर चष्मा काढून फोकस फिरवला की काम भागतं. सिलिंडरचा नंबर मोठा असेल तर दुर्बिणीच्या फोकसने तो भरून निघत नाही. अशांनी हे अंतर १६-१७ मिलिमीटरच्या पुढे असलेली दुर्बीण शोधावी.

दुसरी उणीव पाण्याची. ही जलरोधक नाही. मधलं चाक फिरवलं की डोळ्याकडची दोन्ही भिंगं जोडणारा अख्खा पूल आत-बाहेर सरकतो आणि प्रत्येक वेळी थोडी हवा आत ओढली जाते. हवेबरोबर धूळ आणि दमटपणाही जातो. पावसाळ्यात आतल्या काचेवर बुरशीचं जाळं धरतं ते यामुळेच, आणि आतली बुरशी घरी पुसता येत नाही. म्हणून जून ते सप्टेंबर तिला घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवा, आणि पुड्या अधूनमधून बदला. थंडीच्या फेरीहून परतल्यावर लगेच गरम स्वयंपाकघरात उघडू नका. गार काचेवर दव धरतं, म्हणून अर्धा तास पिशवीतच राहू द्या.

त्याच पुलाचा आणखी एक दोष. कप भुवईवर जोरात टेकवले की पूल एका बाजूला किंचित झुकतो आणि त्या डोळ्याचा फोकस सुटतो. ‘दुर्बीण बिघडली’ अशी तक्रार होते ती बरेचदा एवढ्यावरूनच. कप नुसते टेकवा, कोपरं बरगड्यांशी लावा, जमलं तर झाडाला पाठ द्या.

जवळचं किमान अंतर ५ मीटर आहे. बांधावरच्या झुडपातले चतुर आणि फुलपाखरं पाहायला हिचा उपयोग नाही.

नवी आणली की आधी जुळवणी करा, नाहीतर डोकं दुखेल. दोन्ही नळ्या दुमडत दोन वर्तुळांचं एक होईपर्यंत आणा. मग पन्नासेक मीटरवरची एखादी पाटी धरा. उजवा डोळा मिटून डाव्याने, मधल्या चाकाने अक्षरं धारदार करा. आता डावा मिटा आणि मधल्या चाकाला हात न लावता उजव्या भिंगाजवळचं कडं फिरवा. ते कडं कुठे थांबलं ते लक्षात ठेवा, कारण घरातल्या प्रत्येकाचं ठिकाण वेगळं असतं. मुलांच्या हातून परत आल्यावर दृश्य धूसर वाटलं तर आधी हेच पाहा.

फेरी कुठून सुरू करायची यालाही दुर्बिणीइतकंच महत्त्व आहे. सकाळी पूर्वेकडच्या काठावर असाल तर सूर्य पाठीशी राहतो आणि समोरच्या पक्ष्यांवर उजेड पडतो. पश्चिमेकडून सुरुवात केली तर सगळे काळे पुतळे दिसतात. म्हणून पूर्वेचा काठ आधी उरकावा. ऊन तापल्यावर पाण्यावरची हवा थरथरू लागते आणि कितीही महाग भिंग असलं तरी चित्र लवलवतं, तेव्हा परत फिरावं. पक्षी आधी नुसत्या डोळ्यांनी हेरा, नजर न हलवता दुर्बीण डोळ्यांशी आणा. उलट केलं, तर पाण्यातच शोधत बसावं लागतं.

७५५ ग्रॅम मानेवर तासभर लोंबले की खांदे भरून येतात. दोन्ही खांद्यांवरून पाठीत फुली मारणारा पट्टा वेगळा घ्यावा. आजी-आजोबांचे हात कापत असतील तर याच मालिकेतली ७×३५ पाहा: ६८५ ग्रॅम, ९.३ अंश, आणि प्रकाशाची चकती पाच मिलिमीटरची.

दुकानात घेताना दारात येऊन दूरच्या विजेच्या आडव्या तारेवर रोखा आणि दुर्बीण हळूहळू डोळ्यांपासून लांब न्या. दोन्ही चित्रांत तार एकाच उंचीवर असली पाहिजे. वर-खाली दिसली तर प्रिझम सरकलेलं आहे, तो नग परत करा. मग हातभर अंतरावर उजेडाकडे धरून डोळ्याकडच्या दोन्ही चकत्या पाहा, त्या गोल हव्यात. चाक एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवून कुठे अडकत किंवा निसटत नाही ना, तेही तिथेच उभं राहून बघून घ्या.