एकाच मातीतला वारसा, कायदे दोन

ऑस्ट्रेलियाच्या न्यू साउथ वेल्स राज्यात पाया खणताना आदिवासींचं दगडी हत्यार लागलं, तर १९७४चा राष्ट्रीय उद्यान व वन्यजीव कायदा लागू होतो. वसाहतकाळातल्या घराचं जोतं लागलं, तर १९७७चा वारसा कायदा. हजारो वर्षांचा मानवी ठेवा पशुपक्ष्यांच्या कायद्यात! ही वाटणीच पुरेशी बोलकी आहे.

तरी पहिला कायदा कागदावर दुबळा नाही. वस्तूची नोंद असो वा नसो, विनापरवाना तिला धक्का लावणं गुन्हाच. वारसा कायद्याचा भर मुख्यतः राज्याच्या वारसा नोंदवहीवर. नाव चढलं की वास्तूतल्या फेरबदलाला मंजुरी लागते.

खरी गोम परवान्यात आहे. आदिवासी वस्तू हलवायचा किंवा नष्ट करायचाही परवाना मिळू शकतो. समाजाशी सल्लामसलत सक्तीची, पण अखेरचा शब्द सरकारचा. शेजारच्या व्हिक्टोरियात २००६च्या कायद्याने नोंदणीकृत आदिवासी संस्थांना वारसा-आराखडा, म्हणजे बांधकामात वारशाचं काय करायचं याची योजना, नाकारण्याचा अधिकार दिला. मला तो जास्त पटतो.

न्यू साउथ वेल्सच्या या दोन कायद्यांमधली सीमारेषा मात्र पक्की नाही. १८३८मध्ये झालेल्या आदिवासींच्या हत्याकांडाची मायल क्रीकची जागा आज वारसा नोंदवहीतच आहे.