मरीन टँकच्या नावाने माझे ७७,५०० रुपये गेले

मरीन टँक म्हणजे खाऱ्या पाण्याचा, समुद्री माशांचा टँक. आधी आकडे. बुकिंग ५,००० रुपये. दगड, मीठ, स्किमर (पाण्यातली घाण फेसात काढणारं यंत्र) आणि लाइट मिळून 'स्टार्टर सेट' ३८,५००. मासे आणि कोरलचे (प्रवाळाचे) आगाऊ २२,०००. 'परत मिळणारी' परमिट फी ७,२००. विमानतळावर अडकलेलं पार्सल सोडवायचे ४,८००. झाले ७७,५००. काचेचा टँक, लोखंडी स्टँड, इन्व्हर्टरची जास्तीची बॅटरी हे माझं वेगळं, ते यात धरलेलं नाही.

पैसे घेतले आणि फोन बंद केला, एवढीच गोष्ट असती तर लिहिलं नसतं. ती तुम्हाला पाठ आहे, मलाही होती. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावात सेतू केंद्र चालवतो. ओटीपी कोणाला देऊ नका हा कागद माझ्याच काउंटरवर चिकटवलेला आहे, गावातल्या लोकांच्या सायबर तक्रारीही मीच भरून देतो. त्यामुळे लाज किती वाटते ते विचारू नका. घरी चाळीस हजारांचाच आकडा सांगितलाय.

काही लोक म्हणाले, स्वस्तात मिळतंय म्हणून हुरळला असशील. अजिबात नाही. मला हा माल विकणाऱ्या माणसाचे भाव मुंबईच्या दुकानांपेक्षा कमी नव्हते, लाइटचे तर जास्तच होते. घासाघीस केली तर म्हणाला, "सर, कमी बजेट असेल तर गोड्या पाण्यातच राहा, मरीनमध्ये येऊ नका." असं बोलणारा दुकानदार मला प्रामाणिक वाटला. तुम्हालाही वाटला असता.

आणि मी काही नवखा नाही. गप्पी-मॉलीपासून सुरुवात करून एंजल, ऑस्कर करत डिस्कस या नाजूक माशापर्यंत आलो. आमच्या भागातलं बोअरचं पाणी म्हणजे क्षार आणि फ्लोराइड; त्या पाण्याच्या गावात राहून माझी डिस्कसची जोडी अंडी देते. पण हा गडी नेमका अशाच माणसाला धरतो. ज्याला काहीच येत नाही तो शंभर प्रश्न विचारतो, चार जणांकडे चौकशी करतो. ज्याला गोड्या पाण्यातलं सगळं येतं तो समोरच्याच्या तोंडून 'नायट्रेट' ऐकलं की निम्मा विश्वास टाकून मोकळा होतो.

फोनवर त्याने मला काय विचारलं बघा. पाण्याचा टीडीएस किती? लाइट किती तास जाते? उन्हाळ्यात त्या खोलीत कूलर असतो की एसी? खाऱ्या पाण्याला २५-२६ अंश लागतं, आणि आमच्याकडे मे महिन्यात बाहेर ४५ च्या वर पारा. चिलर लागणारच. तर हा म्हणतो, "चिलर आत्ता घेऊ नका, पैसे अडकतील. पावसाळ्यात टँक लावा, उन्हाळ्यापर्यंत बघू." म्हणजे माझे पैसे वाचवतोय! क्षारता ३५ ठेवा म्हणाला, बरोबर. आरओचंच पाणी वापरा म्हणाला, बरोबर. मी गावातल्या आरओ प्लांटमधून वीस-वीस लिटरच्या कॅन आणून चार फुटी टँक भरला. कॅनवाला पोट्टा विचारत होता, "भाऊ, लग्न हाय का घरी?"

त्याने सांगितलेलं सगळ्यात खरं वाक्य हे होतं : टँक सायकल व्हायला, म्हणजे पाणी माशांसाठी तयार व्हायला, चार ते सहा आठवडे लागतात, तोपर्यंत मासा टाकायचा नाही. शंभर टक्के खरं. अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्राइटचं नायट्रेट करणारे जिवाणू बसायला तेवढा वेळ जातोच. आणि याच सहा आठवड्यांवर त्याचा सगळा धंदा चालतो. माल पाठवला, ६५,५०० घेतले आणि मला थांबायला सांगितलं. मी शहाण्यासारखा थांबलो. रोज बिनमाशाच्या टँककडे बघत बसायचं, तक्रार कशाची करणार? तेवढ्यात त्याचे पैसे कुठून कुठे पोचले असतील.

म्हणून आत्ताच सांगून ठेवतो. सायकल पूर्ण व्हायच्या आधी माशांचा एक रुपयाही द्यायचा नाही. 'सिझनचा रेट लॉक करा' म्हणाला तर फोन ठेवा.

आता दगडांचं. ही गोष्ट आठवली की अजून डोकं तापतं. लाइव्ह रॉक, म्हणजे जिवाणू आणि बारीक जीव वसलेले समुद्रातले दगड, म्हणून ३० किलो आले. खरा लाइव्ह रॉक ओल्या कागदात गुंडाळून, प्लास्टिकमध्ये बंद करून येतो, कारण त्यातले जीव जिवंत ठेवायचे असतात. खोका उघडला की खारट कुबट वास सुटतो. माझा खोका उघडला तर दगड कोरडे ठणठणीत, अंगावर पांढरी धूळ आणि वर झकास जांभळा रंग. जांभळा म्हणजे कोरलाइन शेवाळ, हे मी वाचलेलं होतं. खूश झालो. बादलीत एक दगड धुवायला घेतला, अंगठा फिरवला आणि अंगठ्याची रेघ जांभळी झाली. नखाच्या कडेला बसलेला तो रंग साबणाने निघाला नाही. बादलीतलं पाणी फिकट जांभळं.

तिथेच थांबायला हवं होतं, हे आता कोणीही सांगेल. मी लगेच फोटो काढून पाठवला. पाच मिनिटांत उत्तर : "सर, प्रवासाचा ताण आहे. वरचा थर गळतो, आठवड्यात परत येईल." आता कळलं की कोरलाइन शेवाळ चुन्यासारखं कडक कवच धरतं, ते अंगठ्याने निघत नाही, आणि सुकून मेलं की पांढरं पडतं. म्हणजे कोरडा दगड आणि वर टवटवीत जांभळा, हे जमणारच नाही. रंगवलेले दगड बाजारात रंगवलेले म्हणून विकले जातातही, त्याला माझी ना नाही. पण यवतमाळ जिल्ह्यातल्या माणसाने लाइव्ह रॉक हातात घेऊन बघायचा तरी कुठे? मुंबईचा समुद्र एका टोकाला, विशाखापट्टणमचा दुसऱ्या. आमच्याकडे मीठसुद्धा किराणा दुकानातच दिसतं.

मिठाचंही तेच. बिनछापाच्या पांढऱ्या गोणीत २५ किलो 'इंपोर्टेड रीफ सॉल्ट, लूज पॅकिंग'. खारटपणा मोजायच्या रिफ्रॅक्टोमीटरवर काटेकोर ३५ आलं. येणारच. साधं खडेमीठ विरघळवलं तरी ३५ येतं, ते यंत्र फक्त खारटपणा सांगतं, त्यात काय आहे ते सांगत नाही. समुद्राच्या पाण्यात मॅग्नेशियम लिटरला साधारण १,३०० मिलिग्रॅम असतं, कॅल्शियम ४०० च्या वर. त्यासाठी वेगळी टेस्ट किट लागतात, आणि ती घेऊ नका असं यानेच सांगितलं होतं : "कोरल आल्यावर घ्या, आत्ता खर्च कशाला?" माल विकणाराच टेस्ट करू नका म्हणाला तर किट दुसऱ्याकडून त्याच दिवशी मागवा.

माझ्याकडे गोड्या पाण्याचं पीएच किट होतं. त्याचा रंगतक्ता ७.६ ला संपतो. मी थेंब टाकले, तक्त्यावरचा शेवटचा निळा आला. मरीन टँकच्या पाण्याचा पीएच ८.१ ते ८.४ ठेवतात हे माहीत होतं, म्हणून म्हटलं बरोबर आहे. तो प्रत्यक्षात ९ च्याही वर होता, कारण दगड सिमेंटचे होते. अमोनिया शून्य. हा म्हणाला, "रॉक आधीच क्युअर झालेला आहे, म्हणजे मुरून तयार आहे, नशीबवान आहात." अमोनिया शून्य आणि नायट्रेटही शून्य म्हणजे सायकल झाली नाही, सुरूच झाली नाही. हे मला गोड्या पाण्यात कळलं असतं ना? कळलं असतं. पण तिथे मी नेहमी जुन्या टँकचा स्पंज फिल्टर नव्यात टाकतो, अमोनिया चढलेला कधी बघायलाच मिळत नाही. स्किमरच्या कपात फेस नाही म्हटलं, तर मासे आले की येईल. प्रत्येक गोष्टीला उत्तर तयार, आणि प्रत्येक उत्तर अर्धं खरं.

पोळा झाल्यावर मासे निघणार होते. क्लाउनफिशची जोडी, दोन डॅमसेल आणि कोरलचे तुकडे. आधी परमिट आलं : कोरलसाठी वन्यजीव परवाना लागतो, ७,२००, डिलिव्हरीनंतर परत. शिक्का मारलेल्या कागदाचा फोटोही आला. दिले. मग पार्सल विमानतळावर अडकलं, ४,८००, नाहीतर मासे मरतील. मासे मरतील म्हटल्यावर मासे पाळणारा माणूस काय करेल? दिले. मग मेसेजला उत्तर नाही.

मी पैसे परत मागितले, पोलिसांत जातो म्हणालो, तेव्हा त्याचं खरं तोंड दिसलं. लिहिलं, "जरूर जा. कडक कोरल शेड्यूल वनमध्ये आहेत. तुमची ऑर्डर, तुमचा पत्ता, सगळं चॅट माझ्याकडे आहे. मीच फॉरेस्टला पाठवू का?"

आणि हेही खरंच आहे, हरामखोराचं. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा, त्याच्या पहिल्या अनुसूचीत २००१ मध्ये सगळे कडक कोरल टाकले. समुद्री घोडेसुद्धा. शिक्षा तीन ते सात वर्षं. आपल्या किनाऱ्यावरचे कोरल किंवा कोरलचे दगड उचलून विकणं गुन्हा आहे, आणि असला परवाना व्हॉट्सॲपवर ७,२०० ला मिळत नसतो. पण हे मी त्या रात्री वाचलं, आणि घाबरून गप्प बसलो. माझ्या घरात कोरलचा कणही नव्हता, होतं फक्त सिमेंट. तरी घाबरलो. तुम्हाला अशी धमकी आली तर तिचा स्क्रीनशॉट काढा, तोच तुमच्या तक्रारीतला सगळ्यात मोठा पुरावा. मरीनची हौसच असेल तर टँकमध्येच पैदास झालेल्या क्लाउनफिशपासून सुरू करा. केंद्र सरकारच्या समुद्री मत्स्य संशोधन संस्थेने ते तंत्र कधीच बसवलंय, समुद्र ओरबाडायची गरज नाही.

दरम्यान नागपूरच्या एका जुन्या मरीनवाल्याकडे पाण्याची बाटली आणि एक दगड घेऊन गेलो. त्याने मॅग्नेशियमची टेस्ट केली आणि माझ्याकडे बघून हसला. मग दगड फरशीवर ठेवून हातोडी मारली. आत राखाडी सिमेंट, वाळूचे दाणे आणि सुतळीचा एक तुकडा.

आता तक्रारीचं ऐका. सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० वर, फोन केला, बाईंनी नीट ऐकून नंबर दिला. पण पहिली रक्कम जाऊन दीड महिना झालेला. पैसे पुढच्या खात्यात जायच्या आत अडवायचे असतील तर पहिल्या तासा-दोन तासांत फोन करावा लागतो. हे मी दुसऱ्यांना सांगत आलोय. आणि माझ्याकडे पहिल्या तासात तक्रार करायला होतं काय? माल तर आला होता!

मग ठाणं. जमादार साहेबांना लाइव्ह रॉक समजावून सांगायचा म्हणजे काय असतं ते करून बघा. "दगड मागवले, दगड आले. फसवणूक कायची?" म्हटलं, साहेब, मासेही मागवले होते. तर म्हणे, "खाऱ्या पाण्याचे मासे कायले पायजे होते तुमाले? पैनगंगेत मासे नाई का?" मागे बसलेले दोघं हसले. मी म्हटलं, भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८(४) लागतं, जुनं ४२०. हद्द कुठलीही असो, तक्रार घ्यावी लागते. हे बोललो ते चुकलंच बहुतेक, कारण त्यानंतर "तुमाले लय कायदा येते, तर जिल्ह्याले जा" झालं. जिल्ह्याच्या सायबरवाल्यांनी सांगितलं, रक्कम लहान आहे, तालुक्यालाच नोंदवा. तालुक्याला परत गेलो तर साहेब बंदोबस्तावर. दुसऱ्या खेपेला प्रिंटरची शाई संपलेली. प्रिंट मी माझ्या केंद्रातून काढून नेली, सरकारी तक्रारीची प्रिंट, स्वतःच्या शाईने! त्यावर शिक्का मारायला शिक्क्याचं कपाट बंद.

बँकेत मॅनेजर म्हणाला, तुम्ही स्वतः पिन टाकून पाठवले, आम्ही काय करणार? समोरच्याचं खातं तुमच्याच बँकेचं आहे म्हटलं, तर ती माहिती गोपनीय. माझे पैसे ज्याच्याकडे गेले त्याची गोपनीयता सांभाळायची आणि मला चार कॉपीत अर्ज लिहायला लावायचा. ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर विचारलं, दुकानाचा नोंदणी क्रमांक? दुकान असतं तर तुम्हाला कशाला फोन केला असता?

सगळ्यात कहर वन खात्याच्या कचेरीत. तो परवाना खोटा आहे एवढं लिहून द्या म्हटलं, तर तिथल्या बाबूने माझंच नाव-गाव लिहून घेतलं आणि विचारलं, "घरी कोरल आहे का?"

तुमच्याकडे जांभळ्या दगडांचे असेच फोटो आले असतील, बिनछापाची गोणी आली असेल, तर प्रत्येक व्यवहाराचा बारा अंकी यूटीआर नंबर (बँकेचा व्यवहार क्रमांक) आजच कागदावर उतरवून घ्या आणि सायबर पोर्टलवर तक्रार टाका. विकणाऱ्याला 'एकदा शेवटचं' विचारत बसू नका, त्याला तेवढाच वेळ हवा असतो. एकाच खात्यावर पाच-दहा तक्रारी पडल्या तर जिल्ह्याला तरी 'रक्कम लहान' म्हणता येणार नाही.

माझ्या तक्रारीवर शेवटी एवढंच झालं की पैसे पुढे पुढे गेलेल्या खात्यांच्या साखळीतल्या कुठल्या तरी तिसऱ्या खात्यात १,१४० रुपये गोठवलेले सापडले. ते माझेच आहेत असं कोर्टाने म्हटल्याशिवाय सोडणार नाही, असं बँकेने तेव्हा सांगितलं. तालुक्याच्या वकिलाला विचारलं. अर्जाचे २,००० सांगितले.