टेम्पोचा गिअरबॉक्स आणि माझे साडेसव्वीस हजार

आकडा आधीच सांगून टाकतो. २६,५०० रुपये गेले. ज्या कामाचे गेले ते काम झालंच नव्हतं, आणि जे करायला हवं होतं ते नंतर ४,३५० रुपयांत झालं.

जुलैमधली सकाळ, धो धो पाऊस. ठाण्याच्या कासारवडवलीहून नवी मुंबईत ऐरोलीला, कारने ऑफिसला निघालो होतो. घोडबंदर रोडवर पावसाळ्यात पहिला आणि दुसरा एवढे दोनच गिअर लागतात, बाकीचे शोभेला. पातलीपाडा सोडल्यावर जरा मोकळा रस्ता मिळाला म्हणून तिसरा टाकायला गेलो, तर दांडा वरणातल्या पळीसारखा फिरायला लागला. पुढे न्या, मागे न्या, कुठे अडेच ना. डावी-उजवीकडे थोडी स्प्रिंग लागत होती, पण तिकडे तेव्हा कोण लक्ष देतंय. इंजिन ठणठणीत, क्लचचं पेडल रोजच्यासारखं. क्लच सोडला की गाडी दुसऱ्या गिअरमध्ये ओढायची. मी घाबरून ती बंदच पाडली, मागे हॉर्नचा गजर सुरू झाला, आणि क्लच दाबून, कशीबशी ढकलून घेत मानपाड्याच्या अलीकडे सर्व्हिस रोडला लावली.

पाच मिनिटांत एक मुलगा बाइकवरून आला. रेनकोट, पायात स्लीपर, तोंडभर हसू. "काका, काय झालं? मी बघू का?" बॉनेट न उघडता त्याने दांडा दोनदा हलवला आणि म्हणाला, "क्लच प्लेट गेली. वास येतोय ना जळल्याचा?" आणि खरं सांगतो, मला वास आला. बाजूने कंटेनर ब्रेक मारत चालले होते, त्यांचा असणार. पण घाबरलेल्या माणसाला विचारलं की त्याला सगळे वास येतात.

घरी फोन केला. बायको म्हणाली, "अहो, विम्याच्या पॉलिसीत टोइंग घेतलंय ना आपण?" मी म्हटलं, आता पॉलिसी कुठे शोधू, इथे माणूस उभा आहे. पॉलिसी माझ्या मोबाइलमध्येच होती. त्यात रोडसाइड असिस्टन्सचं ॲड-ऑन होतं, त्याचे पैसेही मी दरवर्षी भरत होतो.

मुलाने दोरी लावून गाडी आतल्या गल्लीतल्या एका गॅरेजमध्ये नेली. तो रस्त्यावर गिऱ्हाईक शोधत फिरतो, हे मला फार उशिरा कळलं. गॅरेजवाल्या शेठनेही बॉनेट उघडलं नाही. "गिअरबॉक्स उतरवावा लागेल. क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग, पूर्ण सेट. सामानाला दहा हजार द्या, बाकी काम झाल्यावर." गिअरबॉक्स हा शब्द ऐकला की माझ्यासारख्याचे हातपाय गळतात. इंजिनचं निदान नाव तरी ओळखीचं असतं. मी दहा हजार यूपीआयने दिले. खातं तिसऱ्याच कुणाच्या नावावर होतं. विचारलं तर म्हणाला, "भाच्याचं आहे."

दुसऱ्या दिवशी व्हॉट्सॲपवर फोटो आला. उघडलेला गिअरबॉक्स, तेलाने माखलेला. खाली मेसेज: "सिंक्रोची रिंग पण गेली आहे. अजून साडेनऊ." दिले. गाडी घ्यायला गेलो तेव्हा मजुरीचे सात हजार. पक्कं बिल मागितलं तर, "जीएसटी १८ टक्के वर पडेल, काका. तुमचंच नुकसान." पाठकोऱ्या कागदावर 'क्लच + गिअर काम' एवढंच लिहून दिलं. जुने पार्ट मागितले तर एक झिजलेली प्लेट हातात ठेवली. ती कुठल्या गाडीची होती देव जाणे. मी ती घरी आणून वर्तमानपत्रात गुंडाळून माळ्यावर ठेवली, जणू काही दागिना.

गाडी चालायला लागली. कबूल करायला हवं, क्लच मला आधीपेक्षा हलकासुद्धा वाटला. साडेसव्वीस हजार दिल्यावर वाटतोच.

ऑक्टोबरमध्ये, कळवा-विटावा करत ठाणे-बेलापूर रोडवर दिघ्याच्या पुढे आलो आणि पुन्हा तेच. पळी वरणात. या वेळी ऑफिसातल्या एका मित्राने रबाळ्याचा त्याचा मिस्त्री पाठवला. साठीचा माणूस, स्कूटरवरून आला, तोंडात पान. त्याने मला आत बसवलं.

"साहेब, इंजिन बंद ठेवा. आता क्लच दाबून दांडा पुढे-मागे करा. करत राहा."

स्वतः बॉनेट उघडून वाकला. मिनिटभराने हाक मारली, "उतरा आणि बघा, आता मी तुमच्या मुलाला आत बसवतो." गाडीत माझ्यासोबत होता तो पोरगा ऑफिसातला, माझा नाही, पण असो. एअर फिल्टरच्या डब्याखाली त्याने टॉर्च धरला. गिअरबॉक्सच्या डोक्यावर दोन लोखंडी लिव्हर होते आणि त्यांच्याकडे येणाऱ्या दोन केबल. आत दांडा हलला की एका केबलचं टोक हलत होतं आणि त्याखालचा लिव्हर मात्र ढिम्म उभा. केबलचं टोक लिव्हरला धरून ठेवणारा मधला प्लास्टिकचा बुश गायब. त्या जागी बांधकामावर सळ्या बांधतात ती बाइंडिंग वायर, दोन वेढे मारलेली आणि झिजून तुटलेली.

तुटक्या वायरीकडे पाहून मिस्त्रीने पान थुंकलं. एक केबल दांड्याची डावी-उजवी हालचाल पोचवते, दुसरी पुढची-मागची. माझी पुढची-मागची गेली होती, म्हणून डावी-उजवीकडे स्प्रिंग लागत होती. म्हणजे जुलैमध्येच दांडा मला ओरडून सांगत होता. मिस्त्रीने लिव्हर हाताने ओढला, टक् आवाज आला आणि गाडी न्यूट्रलला आली. "गिअरबॉक्समध्ये दोष असता तर हा असा हलकेच सरकला असता का? आणि क्लच खराब असेल तर दांडा सैल नाही लागत, उलट घट्ट लागतो. इंजिन चालू असताना गिअर पडत नाहीत आणि बंद केल्यावर पडतात, ती क्लचची तक्रार. नाहीतर रेस वाढते पण गाडी पळत नाही, ती प्लेट झिजल्याची."

मी विचारलं, की मग जुलैमध्ये काय करायला हवं होतं? "काही नाही. गाडी दुसऱ्यात अडकली होती ना? क्लच दाबून सुरू करायची, सोडायचा हळूच, आणि दुसऱ्यातच वीसच्या वेगाने घरी जायचं. सिग्नलला क्लच दाबून थांबायचं." पातलीपाड्याहून माझं घर किती जवळ आहे हे मी त्याला सांगितलं नाही.

मग तो गाडीखाली गेला, आणि खरा धक्का तिथे बसला. क्लच सेट बदलायचा तर गिअरबॉक्स खाली घ्यावा लागतो, आणि तो घ्यायचा तर इंजिनला जोडणारे बोल्ट, ड्राइव्ह शाफ्ट, माउंटिंग, सगळं सोडवावं लागतं. माझ्या गाडीच्या त्या बोल्टांवर नऊ वर्षांची माती जशीच्या तशी, पाना लागल्याची एक चकाकीसुद्धा नाही. गिअर ऑइलच्या ड्रेन प्लगवर गंज. मी व्हॉट्सॲपवरचा फोटो दाखवला. तो हसला, आणि तेव्हा मला पहिल्यांदा स्वतःचा राग आला. "साहेब, हा टेम्पोचा आहे. मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीचा. याचा दांडा थेट डोक्यावर बसतो, याला केबल नसतेच."

दुरुस्तीला अर्धा दिवस लागला. त्याने दोन्ही केबलचा सेटच बदलला, कारण दुसरीचं रबरी बूट फाटून आत पाणी गेलं होतं आणि तारा सुटायला लागल्या होत्या. दोन सीटमधलं कन्सोल काढलं, क्लिपा सोडवल्या, इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याच्या, म्हणजे फायरवॉलच्या, रबरातून जुन्या केबल बाहेर ओढल्या, नव्या त्याच वाटेने घातल्या, आणि ॲडजस्टमेंटला सगळ्यात जास्त वेळ घेतला. आधी इंजिन बंद ठेवून पाचही गिअर आणि रिव्हर्स, मग चालू करून पुन्हा. केबलचे २,८५०, मजुरी १,५००. बिल पक्कं, गाडीच्या नंबरासकट. जुन्या केबल आणि ती वायर पिशवीत घालून दिली.

जुलैतल्या त्या गॅरेजवर गेलो. शेठने आधी ओळख दाखवली नाही, मग म्हणाला, "तीन महिन्यांनी येऊन काय बोलता? गाडी पूर्वी चालत नव्हती, आम्ही चालवून दिली." तो म्हणतो ते खोटं नव्हतं, हीच तर पंचाईत. वायरीवर गाडी चाललीच होती.

वकील मित्राकडे गेलो आणि सवयीने चारशेवीस म्हणालो. तो म्हणाला, १ जुलै २०२४ पासून ते भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ आहे, पण तू आधी ग्राहक म्हणून भांड. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात तक्रारीला दोन वर्षांची मुदत आहे, आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे जाता येतं, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. तक्रारीआधी नोटीस पाठवायची. मी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवरही नोंद केली. माझ्याकडचा तो पाठकोरा कागद कुचकामी होता, त्यावर गाडीचा नंबरच नव्हता. उपयोगी पडले ते यूपीआयचे तीन व्यवहार, व्हॉट्सॲपचे मेसेज आणि मिस्त्रीच्या सांगण्यावरून काढलेले मातीने भरलेल्या बोल्टांचे फोटो. आणि अर्थात तो टेम्पोचा गिअरबॉक्स, जो शेठने स्वतःच्या हाताने, स्वतःच्या नंबरावरून, माझ्या गाडीचा म्हणून पाठवला होता.

नोटीस गेल्यावर दहाव्या दिवशी फोन आला. आवाज मऊ. "काका, वाद कशाला वाढवायचा?" १५,००० परत आले, त्याच भाच्याच्या खात्यावरून. उरलेल्यांसाठी आयोगात जायला मी कंटाळलो. बायको म्हणते सोडायला नको होतं, आणि बहुधा तिचंच बरोबर आहे. अजून मुदत आहे हेही ती अधूनमधून सांगते. माळ्यावरची ती प्लेट मात्र तिने भंगारवाल्याला देऊन टाकली.