नियोजनाच्या विद्यार्थ्यासाठी क्यूजीआयएस: फुकट, दमदार आणि चुकीच्या वेळी गप्प

पर्यावरण नियोजनाच्या अभ्यासक्रमात पहिल्या स्टुडिओपासून नकाशे मागतात: प्रभागवार मोकळ्या जागा, पूररेषेतली बांधकामं, उष्णतेचे पट्टे, वीस वर्षांनंतरचा जमीनवापर. हे सगळं क्यूजीआयएस या नकाशे काढण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये होतं, तेही एक पैसा न मोजता. परवान्याचं सॉफ्टवेअर बहुधा लॅबच्या संगणकांपुरतं असतं आणि सबमिशनची रात्र हॉस्टेलवर काढायची असते, त्यामुळे फुकट असण्याला इथे खरी किंमत आहे. तक्रार एकच, पण मोठी: चुकीचं उत्तरसुद्धा हे सॉफ्टवेअर तितक्याच झोकात रंगवून हातात देतं.

इन्स्टॉल करताना सर्वांत नवी आवृत्ती नको, एलटीआर, म्हणजे दीर्घकाळ सांभाळली जाणारी स्थिर आवृत्ती, घ्या. ऐन सेमिस्टरमध्ये प्लगइन बंद पडण्याची शक्यता कमी होते. 8 जीबी रॅमवर काम निभतं. फक्त सेंटिनेल-2 या उपग्रहाच्या प्रतिमेची आख्खी टाइल साधारण 110 बाय 110 किलोमीटरची असते, तेव्हा आधी शहराच्या हद्दीपुरती कापून घ्या आणि मग गणितं करा.

पहिला खड्डा सीआरएसचा, म्हणजे थराचे आकडे पृथ्वीवर कुठे बसतात ते ठरवणाऱ्या निर्देशांक पद्धतीचा. ईपीएसजी 4326 (प्रत्येक पद्धतीला असा क्रमांक असतो) म्हणजे अक्षांश-रेखांश, त्यामुळे त्यातल्या थराचं एकक अंश असतं. त्यावर नदीकाठचा 30 मीटरचा बफर (ठरावीक अंतराचा पट्टा) काढायला गेलात, तर 30 अंशांचा निघतो. मीटरमध्ये मोजणाऱ्या यूटीएम पद्धतीचे क्रमांक वापरा: पुणे, मुंबई, अमरावतीसाठी 32643 आणि नागपूर, वर्धा, चंद्रपूरसाठी 32644 घ्या, कारण 78 रेखांशाला यूटीएमचा पट्टा बदलतो. 'सेट लेयर सीआरएस'ने फक्त पाटी बदलते, आकडे तेच राहतात. खरं रूपांतर 'रीप्रोजेक्ट लेयर'ने होतं. अर्ध्या वर्गाचे थर समुद्रात जाऊन पडतात ते यामुळेच.

विकास आराखड्याची स्कॅन केलेली शीट जागेवर बसवणं हे क्यूजीआयएसमधल्या जिओरेफरन्सर या साधनाचं काम, आणि इथे तो फसवतोही. 1:10,000ची शीट 300 डीपीआयवर स्कॅन केली की एक पिक्सेल जमिनीवर साधारण 85 सेंटिमीटर भरतो. कागदावर एक मिलिमीटर चुकलं की जमिनीवर 10 मीटर. नियंत्रण बिंदू (शीटवर आणि जमिनीवर दोन्हीकडे ओळखता येणाऱ्या जागा) चारही कोपऱ्यांत आणि मध्ये मिळून आठ-दहा घ्या: जुन्या पुलांची टोकं, रेल्वे फाटकं, न बदललेले चौक. नदीचा काठ किंवा नंतर रुंद झालेला रस्ता घेऊ नका. शीट बसवण्याच्या पद्धतींपैकी पॉलिनॉमियल 1 ला किमान तीन बिंदू पुरतात, पॉलिनॉमियल 2 ला सहा लागतात. चूक फार दिसते म्हणून बरेच जण थिन प्लेट स्प्लाइन निवडतात आणि आकडा शून्यावर आला की खूश होतात. तो येणारच! ती पद्धत प्रत्येक बिंदूतून कागद ओढूनताणून नेते. बिंदू चुकीचा असला तरीही. दोन-तीन बिंदू मुद्दाम बाहेर ठेवा आणि शीट बसल्यावर तिथला फरक मोजा. तोच खरा आकडा. ही शीट निळ्या पूररेषेवर, म्हणजे 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराच्या रेषेवर ठेवायची असेल, तर 10 मीटरच्या चुकीत इमारतींची आख्खी रांग आत-बाहेर होते.

हिरवाईच्या तुलनेत याहून लबाड चूक लपलेली आहे. 25 जानेवारी 2022 पासून सेंटिनेल-2च्या प्रतिमांच्या मूल्यांत 1000 मिळवलेले असतात. फाइलच्या नावात एन0400 किंवा त्यापुढचा आकडा दिसला, तर बँड 8 (अवरक्त प्रकाश) आणि बँड 4 (लाल प्रकाश) या दोन्हींमधून आधी 1000 वजा करा. वजाबाकीनंतर बँड 8 चं मूल्य 3000 आणि बँड 4 चं 600 असेल, तर एनडीव्हीआय, म्हणजे हिरवाईचा निर्देशांक, 0.67 येतो, वजाबाकी विसरलात, तर तीच झाडी 0.43 वर उतरते. 2019 आणि 2023 ची तुलना करून 'शहराची हिरवाई घटली' असा निष्कर्ष छापून मोकळं व्हायला एवढं पुरतं. पिक्सेलांच्या थरांवर (रास्टरांवर) गणित करणारा रास्टर कॅल्क्युलेटर हूं की चूं करत नाही. ऋतूही एकच ठेवा; ऑक्टोबर आणि मे यांची तुलना करून काहीच कळत नाही.

उष्णतेसाठी लँडसॅट 8 किंवा 9 या उपग्रहांची लेव्हल-2 (प्रक्रिया केलेली) प्रतिमा घ्या. बँड 10 ला 0.00341802 ने गुणा, 149 मिळवा, 273.15 वजा करा, की अंश सेल्सिअस मिळतात. मात्र हे पृष्ठभागाचं तापमान आहे, हवेचं नव्हे, आणि वेळ सकाळी अकराच्या आसपासची. पिक्सेल 30 मीटरचा दिसला तरी मूळ मोजणी 100 मीटरची असते. एका गल्लीबद्दल त्यावरून बोलू नये.

तक्त्यांचं म्हणाल, तर शेपफाइल हा थर साठवण्याचा जुना प्रकार सोडा. तिच्यात रकान्याच्या नावाला 10 बाइट मिळतात आणि युनिकोड देवनागरीचं एकेक चिन्ह 3 बाइट खातं, म्हणजे 'लोक' लिहून झालं की जागा संपली. त्याऐवजी जिओपॅकेज हा फाइलचा प्रकार वापरा. जनगणनेची सीएसव्ही आणताना 'डिटेक्ट फील्ड टाइप्स'ची खूण काढा, नाहीतर 0123 चा 123 होतो आणि जोडणीत नुसते नल (रिकामे रकाने) दिसतात. मराठी लेबलं असलेला नकाशा पीडीएफ करताना मजकूर पाथ म्हणून काढा, म्हणजे जोडाक्षरं मोडण्याची भीती राहत नाही. छपाईचा लेआउट एरवी उत्तम आहे. प्रभागवार नकाशांची मालिका त्यातली अ‍ॅटलस ही सोय एका दमात काढून देते.

भविष्यातल्या शहराच्या नकाशासाठी सगळे मोलस्क या प्लगइनकडे धावतात. दोन जुन्या वर्षांचे जमीनवापर आणि सोबत रस्त्यापासूनचं अंतर, उतार वगैरे दिले, की ते पुढच्या वर्षाचा नकाशा काढतं. सगळ्या रास्टरांचा पिक्सेल आणि हद्द तंतोतंत सारखी हवी, नाहीतर ते पुढे सरकतच नाही. निदान इथे तरी ते बोलतं! काढलेला आणि खरा नकाशा किती जुळतात ते सांगणाऱ्या कप्पाचा चढा आकडा मात्र मनावर घेऊ नका: बहुतांश पिक्सेल बदललेलेच नसतात, त्यांचे गुण आयते मिळतात. बदललेल्या पिक्सेलांपैकी किती बरोबर आले ते वेगळं मोजा आणि अहवालात तोच आकडा द्या. मंजूर झालेला पण अजून न बांधलेला रिंगरोडही प्लगइनला आपणहून कळत नाही. तो थर हाताने काढून अंतराच्या रास्टरमध्ये घाला आणि रस्त्यासह व रस्त्याविना असे दोन्ही नकाशे ज्युरीसमोर शेजारी शेजारी लावा.