रेडक्लिफ प्लँटेशन, साऊथ कॅरोलिना: वेळ काढून जा
जॉर्जियातल्या ऑगस्टाहून सव्हाना नदी ओलांडली की बीच आयलंड, तिथे या प्लँटेशनचं, म्हणजे गुलामांना राबवून चालवलेल्या मोठ्या मळ्याचं, हे घर आहे. जेम्स हेन्री हॅमंडचं, १८५९ ला बांधून झालेलं, समोर मॅग्नोलियाची झाडं दुतर्फा. आधी गव्हर्नर मग सिनेटर, १८५८ ला सिनेटमध्ये 'कापूस हाच राजा', म्हणजे दक्षिणेच्या कापसापुढे कोणाचं चालणार नाही, म्हणून गर्जला तो हाच माणूस. बाप शाळामास्तर, पण १८३१ ला श्रीमंत घरची मुलगी केली आणि तिच्यासोबत सिल्व्हर ब्लफची जमीन नि १४७ गुलाम आयते हातात आले, पुढे तो आकडा ३०० च्या वर गेला.

याआधी आम्ही दुसऱ्या एका प्लँटेशनची टूर केलेली, नाव लिहीत नाही, तिथल्या गाईडने पाऊण तास झुंबरं आणि चांदीची भांडी दाखवली, गुलामांचं विचारलं तर म्हणे हो, नोकर होते ना. नोकर! माझं डोकंच सणकलं.

इथे तसं अजिबात नाही, आमच्या गाईडने सॅली जॉन्सनचं नाव घेऊनच सुरुवात केली. १८३९ ला हॅमंडने १८ वर्षांची सॅली, शिवणकाम करायची ती, आणि तिची वर्षाची पोरगी लुईसा ९०० डॉलरला विकत घेतली. सॅलीच्या शरीरावर हक्क गाजवला, आणि लुईसा बारा वर्षांची झाली तेव्हा तिलाही सोडलं नाही. हे कळल्यावर बायको कॅथरीन १८५० मध्ये त्याला सोडून गेली. ऐकताना आमच्यातलं कोणीच बोलेना.

आणि मग ते पत्र. १८५६ ला हॅमंडने मुलगा हॅरीला लिहिलं की सॅली-लुईसा या दोघींना आणि त्यांच्यापासून झालेल्या माझ्या मुलांना परक्यांचे गुलाम होऊ देऊ नकोस, आपल्याच घरात गुलाम राहण्यात त्यांचं सुख आहे, मोकळं करून उत्तरेत, जिथे गुलामगिरी नव्हती तिकडे, पाठवलं तर तो त्यांच्यावर क्रूरपणा होईल. पोटची मुलं आहेत हे स्वतःच्या हाताने लिहितो आणि त्याच कागदावर त्यांना दुसऱ्या मुलाच्या ताब्यात देतो, तेही त्यांची काळजी घेतोय अशा भाषेत! मला ते परत वाचून दाखवायला सांगावं लागलं, पहिल्यांदा कानांवर विश्वासच बसला नाही.

गाईड शांतपणे, न टाळता उत्तरं देतात, मुलांनी विचारलं तरी. पाच स्टार. फक्त घर बघून लगेच गाडीकडे वळू नका, गुलामांच्या दोन लाकडी खोल्या अजून उभ्या आहेत, आमच्या ग्रुपमधले निम्मे लोक तिकडे गेलेच नाहीत. आत जाऊन उभे राहा आणि मग मागे वळून ते मोठं घर बघा.