एचआयव्हीतला खोकला: टीबी की पीसीपी?

एचआयव्ही असलेल्या माणसाला खोकला लागला की आपल्याकडे आधी टीबीच डोक्यात येतो, आणि ते बरोबरच आहे. पण न्यूमोसिस्टिस या बुरशीचा न्यूमोनिया, म्हणजे पीसीपी, विसरून चालत नाही. १९८१ साली लॉस एंजेलिसमधल्या पाच तरुणांत तो आढळला आणि तिथूनच एड्सची पहिली नोंद झाली.

टीबी सीडी४ (रक्तातल्या रोगप्रतिकारक पेशींची संख्या) कितीही असताना होतो. संध्याकाळचा ताप, रात्रीचा घाम, वजन उतरणं. पीसीपी बहुधा सीडी४ २००च्या खाली गेल्यावर गाठतो: कोरडा खोकला आणि दिवसागणिक वाढणारी धाप. बसलेल्या रुग्णाच्या बोटाला ऑक्सिमीटर लावला तर ९५ दिसतं. व्हरांड्यात एक फेरी मारायला लावा, आकडा झरझर उतरतो. ही साधी चाचणी मला फार मोलाची वाटते, कारण एक्स-रे कधीकधी स्वच्छ असतो.

टीबीसाठी थुंकीची सीबीनॅट (टीबीच्या जंतूचा डीएनए शोधणारी चाचणी) आणि किमान सहा महिने औषधं. पीसीपीला कोट्रायमोक्साझोल २१ दिवस, ऑक्सिजन फार घसरला असेल तर सोबत स्टिरॉइड. दोन्ही एकत्रही असू शकतात, म्हणून एक सापडला तरी दुसऱ्याचा शोध थांबवू नका.