पाकीटबंद मांस आणि पाकीटबंद चीज : मधल्या वेळच्या खाण्यासाठी काय निवडावे?

मधल्या वेळच्या भुकेसाठी पाकीटबंद मांस किंवा चीज घेणाऱ्यांना बहुधा एकच गोष्ट हवी असते : गोड किंवा तळलेले खाणे टाळून थोडी प्रथिने पोटात जावीत. ती अपेक्षा दोन्हींकडून कमीअधिक प्रमाणात पूर्ण होते. मात्र मांस चांगले की चीज चांगले, असा सरसकट प्रश्न विचारला तर उत्तर फसवे मिळते, कारण मांसाच्याच दोन पाकिटांमधला फरक पुष्कळदा मांस आणि चीज यांच्यातल्या फरकापेक्षा मोठा असतो. पुढे दिलेले आकडे २८ ग्रॅमसाठी, म्हणजे साधारण एका औंसासाठी आहेत. ते अंदाजे असून उत्पादकानुसार बदलतात.

प्रथम जर्की. कमी चरबीच्या मांसाच्या पातळ पट्ट्या मीठ-मसाल्यात मुरवून वाळवल्या की त्यांतले बहुतेक पाणी निघून जाते आणि तेवढ्याच वजनात प्रथिनांचे प्रमाण वाढते. त्यामुळे २८ ग्रॅम जर्कीत ८० ते ११५ कॅलरी आणि ९ ते १२ ग्रॅम प्रथिने मिळतात. मेद काही उत्पादनांत जेमतेम १ ग्रॅम, तर काहींत ७ ग्रॅमपर्यंत असतो. साखरेकडे मात्र आवर्जून पाहावे लागते. मुरवणाच्या मिश्रणात ती सर्रास घातली जाते, आणि गोडसर चवीच्या जर्कीत ती ५-६ ग्रॅमपर्यंत सहज जाते.

त्याच फळीवर शेजारी ठेवलेली मीट स्टिक दिसायला जर्कीची बहीण वाटते, पण पोषणाच्या दृष्टीने ती सॉसेजच्या कुळातली आहे. तिच्यासाठी मांस खिमा करून, त्याच्या चरबीसह एकजीव करून आवरणात भरले जाते. परिणामी तेवढ्याच वजनात सुमारे १५५ कॅलरी, १४ ग्रॅम मेद आणि फक्त ६ ग्रॅम प्रथिने मिळतात. मेदाच्या एका ग्रॅमला ९ कॅलरी धरल्या, तर या कांडीतल्या पाचांपैकी चार कॅलरी मेदातून येतात. पेपरोनी या मसालेदार, वाळवलेल्या सॉसेजचेही चित्र जवळपास असेच आहे. ‘प्रथिनांचा खाऊ’ असे वेष्टनावर छापलेले असले तरी मीट स्टिकला हे वर्णन शोभत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

चीजच्या बाजूला सर्वांत समतोल पर्याय म्हणजे अंशतः मलई काढलेल्या दुधाची मोझरेला कांडी : सुमारे ८० कॅलरी, ७ ग्रॅम प्रथिने, ६ ग्रॅम मेद. चेडरच्या तुकड्यात प्रथिने तेवढीच, पण कॅलरी ११५ च्या आसपास आणि मेद ९ ग्रॅमहून अधिक असतो. भाजून कुरकुरीत केलेल्या परमेझानमध्ये पाणी जवळजवळ उरत नाही, म्हणून प्रथिने १० ग्रॅम किंवा त्याहून अधिक भरतात. कॅलरीही दीडशेच्या घरात जातात.

सोडियमच्या बाबतीत ही तुलना अधिक धारदार होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार प्रौढ व्यक्तीने दिवसभरात २००० मिलिग्रॅमपेक्षा कमी सोडियम, म्हणजे ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ घ्यावे. जर्की आणि मीट स्टिक यांच्या २८ ग्रॅममध्येच ४०० ते ६०० मिलिग्रॅम सोडियम असते, म्हणजे दिवसभराच्या मर्यादेचा चौथा हिस्सा एका छोट्या खाण्यात संपतो. मोझरेला आणि चेडर यांत ते २०० मिलिग्रॅमच्या आसपास असते. प्रक्रिया केलेले चीज मात्र मांसाच्या रांगेत जाऊन बसते, कारण ते एकसारखे वितळावे म्हणून साध्या मिठाशिवाय सोडियम सायट्रेट किंवा सोडियम फॉस्फेट यांसारखे क्षारही त्यात घातले जातात. वेष्टनावर मिठाऐवजी सोडियमचा आकडा दिलेला असेल तर त्याला अडीचने गुणावे. मीठ किती ते कळते.

दुसरा गंभीर मुद्दा केवळ मांसाला लागू होतो. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ मध्ये प्रक्रिया केलेल्या मांसाचा समावेश कर्करोगकारक पदार्थांच्या पहिल्या गटात केला आणि रोज ५० ग्रॅम असे मांस खाल्ल्यास मोठ्या आतड्याच्या कर्करोगाची जोखीम सुमारे १८ टक्क्यांनी वाढते, असा निष्कर्ष मांडला. हा गट पुराव्याची खात्री सांगतो, धोक्याची तीव्रता नव्हे, त्यामुळे एखाद्या पाकिटाने घाबरून जाण्याचे कारण नाही. प्रश्न रोजच्या सवयीचा आहे. ‘नायट्राइट (मांस टिकवण्यासाठी वापरले जाणारे रसायन) घातलेले नाही’ या ओळीवरही विसंबू नये, कारण अशा अनेक उत्पादनांत सेलरीची भुकटी वापरलेली असते आणि तिच्यातून तेच रसायन मांसात येते.

चीज खाणाऱ्याने संपृक्त मेदाचा (सॅच्युरेटेड फॅटचा) हिशेब ठेवावा. २००० कॅलरींच्या आहारात त्याची मर्यादा साधारण २२ ग्रॅम येते आणि चेडरचा एक तुकडा त्यातले ५ ते ६ ग्रॅम घेतो. त्याच्या बदल्यात सुमारे २०० मिलिग्रॅम कॅल्शियम मिळते, जे जर्कीत नगण्य असते. उलट लोह आणि जस्त यांसाठी मांस सरस आहे, आणि त्यातले लोह शरीरात चांगले शोषले जाते. तंतू आणि क जीवनसत्त्व दोन्हींतही नाहीत, म्हणून सोबत एखादे फळ असावेच.

रोजच्या खाण्यासाठी मी मोझरेला कांडी सुचवेन. शीतपेटीची सोय नसलेल्या लांबच्या प्रवासात किंवा कमी कॅलरींत जास्त प्रथिने हवी असताना साखर न घातलेली जर्की अधिक उपयोगी पडते, मात्र ती अधूनमधूनच खावी. मीट स्टिक आणि पेपरोनी यांचा क्रमांक माझ्या मते सर्वांत शेवटचा आहे. मांस आणि चीज एकत्र असलेल्या पाकिटात काय प्रमाण आहे हे घटकांच्या यादीपेक्षा पोषणाच्या तक्त्यावरून कळते. तो वाचताना आकडे पूर्ण पाकिटाचे आहेत की एका वाढणीचे, हे आधी पाहावे, कारण एका पाकिटात दोन-तीन वाढण्या असू शकतात.

दुधातली साखर न पचणाऱ्यांना चेडर किंवा परमेझानसारखे मुरलेले चीज सहसा चालते. नैराश्यावरील एमएओ रोधक गटातील औषधे घेणाऱ्यांनी मात्र मुरलेले चीज आणि आंबवून वाळवलेली सलामी दोन्ही टाळावीत, कारण त्यांतील टायरामीनमुळे रक्तदाब अचानक धोकादायक पातळीपर्यंत वाढू शकतो.